कडेच्या सतरंजीवर ठरणारा क्रॉसओव्हर

हॉर्नचा टॉप म्हणजे खाली वूफर आणि वर हॉर्न असलेली स्पीकरची पेटी, आणि क्रॉसओव्हर म्हणजे आवाज वूफरकडून हॉर्नकडे सोपवला जातो ती वारंवारता. हा क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर ठेवायचा, याचं उत्तर बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या, म्हणजे हॉर्नमागे बसवलेल्या आवाज काढणाऱ्या युनिटच्या, माहितीपत्रकात शोधलं जातं. तिथे 'किमान १.६ किलोहर्ट्झ' असं काहीतरी छापलेलं असतं आणि तोच आकडा डीएसपीत, म्हणजे आवाजाची विभागणी करणाऱ्या डिजिटल यंत्रात, भरला जातो. तो आकडा डायफ्राम, म्हणजे ड्रायव्हरमधला पातळ हलणारा पडदा, फुटू नये म्हणून दिलेला असतो. ऐकणारी माणसं कुठे बसली आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. मला वाटतं, हा हिशोब उलट्या टोकाने सुरू करायला हवा. आवाज किती कोनात पसरतो ते आधी पाहावं, त्यावरून क्रॉसओव्हर काढावा, आणि तो ड्रायव्हरला झेपतो का हे शेवटी तपासावं.

सप्ताहाचा मंडप डोळ्यांसमोर ठेवू. वर पत्रा किंवा दगडी सभामंडप, कीर्तनकार मधोमध, मागे टाळकरी आणि पखवाज. दोन टोकांना स्टँडवर १५ इंची वूफर आणि हॉर्नचा एकेक टॉप. समोरच्या सतरंजीवर सगळं छान ऐकू येतं. खांबाच्या पलीकडे, भिंतीला टेकून बसलेल्यांना मात्र बुवांचा आवाज जाड आणि गुदमरलेला लागतो, आणि त्याच वेळी टाळ कानात टोचतात. तक्रार आली की साउंडवाला इक्वलायझरवर दीड-दोन किलोहर्ट्झ वर उचलतो. कडेला किंचित फरक पडतो, समोरचे मात्र वैतागतात. कडेला गेलेली खोट इक्वलायझरने भरता येत नाही, कारण इक्वलायझर सगळ्या दिशांना एकाच मापाने उचलतो आणि खोट फक्त एका दिशेला असते.

ती खोट कशी तयार होते ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. म्हणजे १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, १ किलोहर्ट्झची ३४ सेंटिमीटर आणि १० किलोहर्ट्झची ३.४ सेंटिमीटर. वूफरचा हलणारा पडदा तरंगलांबीपेक्षा बराच लहान असेल तोवर आवाज चहूकडे जातो. तरंगलांबी पडद्याच्या व्यासाच्या जवळ आली की झोत अरुंद व्हायला लागतो. १५ इंची वूफरचा हलणारा व्यास साधारण ३३ सेंटिमीटर असतो. गणितातला ताठ पिस्टन धरला, तर त्याचा फैलाव ९० अंशांवर येतो तो १ किलोहर्ट्झच्या आसपास. फैलाव म्हणजे मधल्या रेषेपेक्षा आवाज ६ डेसिबलने कमी होतो त्या दोन कडांमधला कोन. १.५ किलोहर्ट्झला तोच वूफर ६० अंशांच्या खाली उतरतो आणि २ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ अंश राहतो. मधल्या रेषेपासून ४५ अंशांवर बसलेल्या माणसाला १.५ किलोहर्ट्झ तब्बल १५ डेसिबलने कमी मिळतं. खरा कागदी पडदा या वारंवारतेला ताठ राहत नाही, त्याचा बाहेरचा भाग सुटा पडतो, म्हणून प्रत्यक्षात परिस्थिती यापेक्षा थोडी बरी असते. पण दिशा हीच.

आता वरचा हॉर्न ९० अंशांचा आणि क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झवर. खालून येणारा फैलाव ४३ अंशांपर्यंत आवळत येतो आणि क्रॉसओव्हर ओलांडताच एकदम ९० अंशांवर उघडतो. कडेच्या माणसाला १ किलोहर्ट्झपर्यंत आवाज ठीक, मग दीडच्या आसपास खड्डा, आणि अडीच-तीनपासून पुन्हा भरपूर. बोलण्यातला नेमका कणा त्या खड्ड्यात पडतो. टाळाची धार त्याच्या वर असल्यामुळे ती शाबूत राहते. तक्रारीतला 'आवाज जाड आणि टाळ टोचतो' हा या आलेखाचाच शब्दशः अनुवाद आहे.

तेव्हा पहिला नियम असा: वूफरचा फैलाव आवळत येऊन हॉर्नच्या कोनाएवढा होतो, तिथे क्रॉसओव्हर घ्यायचा. ९० अंशांच्या हॉर्नसाठी १५ इंचीला साधारण १ किलोहर्ट्झ आणि १२ इंचीला १.३ किलोहर्ट्झ. हॉर्न ६० अंशांचा असेल तर १५ इंचीला सुमारे १.४५ आणि १२ इंचीला १.८५ किलोहर्ट्झ. जेबीएल या स्पीकर कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ४४३० हा स्टुडिओ मॉनिटर काढला, त्याची रचना याच विचारावर उभी होती: १५ इंची वूफर, आडवा-उभा १०० अंशांचा रुंद तोंडाचा हॉर्न आणि क्रॉसओव्हर १ किलोहर्ट्झ.

पण वूफरचं बघून थांबलं की अर्धंच काम होतं. हॉर्नवर '९० × ४०' (आडवे ९०, उभे ४० अंश) लिहिलेलं असतं म्हणून तो सगळ्या वारंवारतांना ९० अंशच देतो असं नाही. हॉर्नच्या भिंती आवाजाला वळण लावतात ते तोंड पुरेसं मोठं असेल तेव्हाच. १९७५ साली इलेक्ट्रो-व्हॉइस या स्पीकर कंपनीत काम करणाऱ्या डॉन कील यांनी यासाठी जो सोपा हिशोब मांडला, तो आजही जवळ बाळगावा असा आहे. २५,४०० ला तोंडाच्या मीटरमधल्या रुंदीने आणि अंशांमधल्या कोनाने भागायचं. येतो तो आकडा म्हणजे हॉर्नचा ताबा जिथपर्यंत टिकतो ती वारंवारता. तोंड ३५ सेंटिमीटर रुंद आणि कोन ९० अंश असेल तर ८०० हर्ट्झ. ३० सेंटिमीटरला ९४०. २५ सेंटिमीटरला ११३०. त्याखाली हॉर्न हळूहळू सुटतो आणि आवाज वाटेल तसा पसरतो.

या सूत्रात एक गोष्ट दडलेली आहे, ती खरेदी करताना फार जणांच्या लक्षात येत नाही. कोन जितका अरुंद हवा तितकं तोंड मोठं लागतं. ३० सेंटिमीटर तोंडाच्या ६० अंशी हॉर्नचा ताबा १४१० हर्ट्झपर्यंतच टिकतो. 'लांब फेकणारा हवा' म्हणून लहानसा अरुंद हॉर्न घेतला, तर तो अरुंद फक्त वरच्या पट्टीत असतो. मधल्या पट्टीत तो रुंद हॉर्नइतकाच पसरतो.

उभ्या कोनाची गत याहून वाईट. नेहमीच्या टॉपमधल्या '९० × ४०' हॉर्नची उंची १५ सेंटिमीटर असते. सूत्रात घाला: २५,४०० भागिले ०.१५ भागिले ४०, उत्तर ४२३० हर्ट्झ. कागदावरचे उभे ४० अंश सव्वाचार किलोहर्ट्झच्या वरच खरे आहेत. दीड किलोहर्ट्झला तोच हॉर्न वर-खाली शंभर अंशांहून जास्त उघडलेला असतो आणि सरळ पत्र्यावर आवाज मारत असतो. घुमणाऱ्या जागेसाठी टॉप निवडायचा असेल, तर वॉटच्या आकड्याआधी हॉर्नच्या तोंडाची उंची टेपने मोजावी असं मी आग्रहाने सांगेन.

घुमणाऱ्या जागेत हे इतकं का बोचतं? सोर्सपासून थेट येणारा आवाज आणि भिंती-छतावरून फिरून येणारा आवाज जिथे समान होतात ते अंतर काढता येतं: ०.०५७ गुणिले, दिशिकता गुणिले घनफळ भागिले घुमण्याचा काळ, याचं वर्गमूळ. दिशिकता म्हणजे आवाज एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप, आणि घुमण्याचा काळ म्हणजे आवाज थांबल्यावर घुमारा विरायला लागणारा वेळ. २००० घनमीटरचा दगडी सभामंडप, घुमण्याचा काळ अडीच सेकंद. दिशिकता १० असेल तर हे अंतर सुमारे ५ मीटर. दिशिकता ३ वर घसरली तर २.८ मीटर. त्या अंतराच्या फार पलीकडे बसलेल्याला शब्दांऐवजी घुमारा ऐकू येतो, आणि आवाज वाढवला तर घुमाराही तेवढाच वाढतो. म्हणून हॉर्नचा ताबा बोलण्याच्या पट्टीत कुठवर खाली उतरतो, याला शब्द कळण्याच्या दृष्टीने मोठं मोल आहे. शब्द कळण्यात सर्वात जास्त वाटा असतो २ किलोहर्ट्झच्या पट्ट्याचा, त्याच्या अलीकडे-पलीकडे १ आणि ४. देवळावरचा जुना भोंगा कानाला कितीही कर्कश असला तरी त्यातले शब्द दूरवर कळतात, त्याचं एक कारण हेच: झोत अरुंद, आणि आवाजाच्या ऐन मध्यावर क्रॉसओव्हरचा सांधा नाही.

दोन आकडे हातात आले, वूफरचा आणि हॉर्नचा, की मग ड्रायव्हरला विचारायचं. हॉर्नच्या भारावर चालणाऱ्या डायफ्रामला तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर दुप्पट हलावं लागतं. हॉर्न जिथे भार द्यायचा थांबतो त्याखाली हेच प्रमाण चौपट होतं. एक इंची तोंडाचा, ४४ मिलिमीटर कॉइलचा ड्रायव्हर दर सप्तकाला २४ डेसिबल उताराच्या फिल्टरवर १.३ किलोहर्ट्झपर्यंत बहुधा निभावतो, १ किलोहर्ट्झवर मोठ्या आवाजात नाही. त्यासाठी १.४ इंची तोंड आणि ७५ मिलिमीटर कॉइल लागते, आणि तिथे खर्च उडी मारतो. खाली ओढल्याचं पहिलं लक्षण म्हणजे जोराच्या शब्दावर येणारी चरचर. टायटॅनियमचा डायफ्राम कडेच्या वळीवर तडकतो. तडा बारीक असताना मोजमापात दिसतही नाही, पण सुरांचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळू फिरवला की एका जागी खरखर करतो. उतार १२ डेसिबलचा ठेवून क्रॉसओव्हर खाली आणणं हा तर ड्रायव्हर मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

हे तिन्ही आकडे एकत्र ठेवले की काही जोड्या आपोआप जुळतात. १२ इंची वूफर, २५ ते ३० सेंटिमीटर तोंडाचा ९० अंशी हॉर्न, १.३ किलोहर्ट्झ, साधा एक इंची ड्रायव्हर. कीर्तन, व्याख्यान, नाटक यांसाठी मला ही जोडी १५ इंचीपेक्षा सरस वाटते, आणि ती स्वस्तही पडते. १५ इंचीच हवा असेल तर ३० सेंटिमीटर तोंडाचा ६० अंशी हॉर्न घेऊन १.४५ किलोहर्ट्झवर सांधा घ्यावा. अरुंद कोनामुळे जुळणी वर सरकते आणि ड्रायव्हरचा जीव वाचतो. रुंद मंडपात मग दोनऐवजी चार टॉप लागतील. बाजारात सर्वात जास्त दिसणारी जोडी, म्हणजे १५ इंची, लहान तोंडाचा ९० अंशी हॉर्न आणि एक इंची ड्रायव्हर, ही मात्र कुठेच जुळत नाही. वूफर १ किलोहर्ट्झ मागतो, ड्रायव्हरचं माहितीपत्रक १.६ मागतं.

मोजमाप करायला प्रयोगशाळा लागत नाही, मोकळं मैदान लागतं. टॉप जमिनीपासून अडीच मीटर उंच, माइक तेवढ्याच उंचीवर समोर दोन मीटरवर. जमिनीवरून उसळून येणारा आवाज मग सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यावर खिडकी कापली, म्हणजे त्यानंतर पोचणारा आवाज मोजमापातून वगळला, की ३००-४०० हर्ट्झच्या वरचं चित्र भरवशाचं मिळतं. आरईडब्ल्यू हे आवाज मोजण्याचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. माइक जागेवर ठेवून पेटी दर १० अंशांनी ० ते ९० फिरवायची. फिरवताना आस हॉर्नच्या तोंडाच्या आसपास असावी. वूफर एकटा, हॉर्न एकटा, फिल्टर न लावता, असे दोन संच घ्यायचे. हॉर्नला स्वीप देताना मात्र ५०० हर्ट्झखाली जायचं नाही आणि पातळी बेताची ठेवायची.

एवढंही शक्य नसेल तर गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज, सगळ्या सप्तकांत सारखी ताकद असलेला) एक-तृतीयांश सप्तकाच्या पट्टीत गाळून ८००, १०००, १२५०, १६००, २००० असा एकेक वाजवावा. हॉर्न बंद ठेवून वूफरसमोर चार मीटरवर उभं राहायचं, फोनच्या मीटरवर आकडा बघायचा, मग तेच अंतर राखत वर्तुळात ४५ अंशांपर्यंत चालत जायचं. फोनचा मीटर नेमका नसला तरी दोन जागांमधला फरक तो बऱ्यापैकी सांगतो. ज्या पट्टीत ६ डेसिबलची घट दिसेल ती वूफरची जागा. मग वूफर बंद करून हॉर्नसाठी तेच. कागदावर दोन रांगा तयार होतात आणि त्या कुठे भेटतात ते डोळ्याने दिसतं. एक ध्यानात ठेवावं: २४ डेसिबलच्या उतारातही दोन्ही युनिट क्रॉसओव्हरच्या खाली-वर अर्धा-अर्धा सप्तक मिळून वाजत असतात. १.२ किलोहर्ट्झचा सांधा म्हणजे ८५० ते १७०० पर्यंतचा पट्टा. फैलाव त्या सबंध पट्ट्यात जवळपास राहायला हवा.

फैलाव जुळला तरी वेळ जुळवावी लागते, नाहीतर सगळं पाण्यात जातं. हॉर्नचा डायफ्राम पेटीत मागे असतो. वूफरच्या मानाने तो २५ सेंटिमीटर मागे असेल तर त्याचा आवाज ०.७३ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणून वूफरला तेवढा डिले द्यायचा. टेपने काढलेला हा आकडा फक्त सुरुवातीचा. २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली फिल्टर (क्रॉसओव्हरचा एक प्रचलित प्रकार) लावा, हॉर्नची पोलॅरिटी (तारेची धन-ऋण दिशा) उलटी करा आणि माइक समोर ठेवून आलेख बघा. क्रॉसओव्हरवर खोल दरी पडायला हवी. डिले ०.०२ मिलिसेकंदांनी मागे-पुढे करत ती दरी जास्तीत जास्त खोल करा. २५ डेसिबलच्या पुढे गेली की पुरे. मग पोलॅरिटी सुलटी. इथे एक फसगत ठरलेली असते. १.२ किलोहर्ट्झचं एक आवर्तन ०.८३ मिलिसेकंदांचं असतं, आणि पूर्ण आवर्तनाने चुकलेल्या डिलेलाही तशीच दरी पडते. टेपच्या आकड्यापासून फार लांब गेलात तर परत फिरा.

वूफर आणि हॉर्न एकावर एक असल्यामुळे उभ्या दिशेत एक कटकट कायम राहते. दोघांच्या मध्यबिंदूंत ४० सेंटिमीटर अंतर आणि क्रॉसओव्हर १.२ किलोहर्ट्झ असेल, तर मधल्या रेषेच्या वर आणि खाली २१ अंशांवर दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. सपाट मंडपात खालच्या खड्ड्यात पहिल्या ओळीतले लोक येतात, नाट्यगृहात वरच्या खड्ड्यात बाल्कनी सापडते. क्रॉसओव्हर खाली आणला की हे कोन लांब सरकतात: १ किलोहर्ट्झला २५ अंश. वर नेला की जवळ येतात: २ किलोहर्ट्झला १२ अंश. मोठा वूफर आणि वरचा क्रॉसओव्हर ही जोडी इथेही मार खाते. पेटी आडवी झोपवून ठेवली तर हाच खड्डा श्रोत्यांच्या रांगेत उभा राहतो, म्हणून जागा नसेल तेव्हासुद्धा टॉप आडवा ठेवू नये. उंचावरून लावताना टॉप असा झुकवावा की मधली रेषा शेवटच्या तिसऱ्या भागातल्या डोक्यांवर पडेल.

समान फैलावाचा, म्हणजे सगळ्या वारंवारतांना सारखाच कोन देणारा, हॉर्न पहिल्यांदा लावला की तो मंद वाटतो आणि ड्रायव्हर खराब असल्याची शंका येते. ड्रायव्हर ठीक असतो. डायफ्रामच्या वजनामुळे साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासपासून त्याची ताकद दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरते. जुना एक्स्पोनेन्शियल हॉर्न वरच्या पट्टीत झोत आवळत न्यायचा, त्यामुळे मधल्या रेषेवर ही घट झाकली जायची. भुर्दंड कडेच्यांना पडायचा. समान फैलावाचा हॉर्न झाकत नाही, म्हणून तेवढी उचल विजेतून द्यावी लागते. १४ किलोहर्ट्झपर्यंत सपाट करायचं म्हटलं तर १२ डेसिबल, म्हणजे सोळापट शक्ती. कीर्तनाला त्याची गरज नाही. ८-९ किलोहर्ट्झपर्यंत भरून काढून पुढे सोडून द्यावं. 'स' आणि 'श' नीट कळतात आणि माइकच्या फीडबॅकची शिट्टी बसण्याची भीती कमी होते.

हॉर्नच्या तारेत एक कपॅसिटर मात्र असावाच, डीएसपी कितीही चांगला असला तरी. ८ ओहमला ४७ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ४२० हर्ट्झ. वूफरची तार चुकून हॉर्नला लागली, ॲम्पने डीसी सोडला किंवा चालू करताना ठोका बसला तर डायफ्राम वाचतो. पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा, निदान २५० व्होल्टचा. सगळं मोजमाप आणि डिले तो लावूनच करावा, कारण १.२ किलोहर्ट्झलाही तो फेज (लाटेच्या आवर्तनातली जागा) साधारण १९ अंशांनी सरकवतो.

न जुळणारीच पेटी हाताशी असेल, आणि बहुतेकांकडे तीच असते, तर एका आकड्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. डीएसपीत दोन प्रीसेट (साठवलेल्या सेटिंगचे संच) करावेत. कीर्तन-व्याख्यानाला पातळी बेताची असते, तिथे क्रॉसओव्हर १.२ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणता येतो. हॉर्नचा लिमिटर (पातळी ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) ३ ते ६ डेसिबल खाली ओढून ठेवायचा आणि आधी काही मिनिटं मोठ्या आवाजातलं बोलणं सोडून चरचर तपासायची. मिरवणुकीला किंवा ऑर्केस्ट्राला तीच पेटी १.६ वर चालवायची, कडेचा खड्डा पत्करायचा, आणि टॉप श्रोत्यांच्या मध्याकडे आणखी १०-१५ अंश वळवून तो खड्डा माणसांबाहेर ढकलायचा. प्रत्येक प्रीसेटचा डिले वेगळा काढावा लागतो. फिल्टरची वारंवारता बदलली की त्याच्या आसपासची फेज बदलते, आणि जुना डिले तसाच ठेवला तर दोन्ही प्रीसेटपैकी एक कायम बिघडलेला राहतो.